बाबासाहेबांची कोलंबियाची एलएल.डी.

आपल्या प्रत्येक विहारात भगवान बुद्धांच्या मूर्तीशेजारी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा असते. प्रतिमेखाली नाव असते आणि नावापुढे पदव्या. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एलएल.डी., डी.लिट. डहाणूपासून तलासरीपर्यंत कोणत्याही बौद्ध वस्तीत जा, १४ एप्रिलच्या कमानीवर ही अक्षरे रंगवलेली सापडतीलच. लहान मुलांना तर ती बाराखडीसारखी पाठ. पण यातली कोणती पदवी कुठे मिळाली, कशी मिळाली, असं विचारलं की मोठी माणसंसुद्धा एकमेकांकडे बघू लागतात. म्हणून या स्मरणिकेत बाबासाहेबांचे सगळे चरित्र न सांगता त्या अक्षरांपैकी एकाच पदवीची कथा सांगावी असे ठरविले. ती पदवी म्हणजे एलएल.डी.

या यादीतील शेवटच्या दोन पदव्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आहेत. आधीच्या सर्व बाबासाहेबांनी रात्रीचा दिवस करून, अर्धपोटी राहून, अभ्यास करून मिळविल्या. एलएल.डी. आणि डी.लिट. या मानाच्या. मानाच्या पदवीला फी नसते, परीक्षा नसते, प्रबंध नसतो. माणसाने आयुष्यात काय केले हे बघून विद्यापीठच त्याला बोलावते. एलएल.डी. दिली अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने, ५ जून १९५२ रोजी. डी.लिट. दिली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने, १२ जानेवारी १९५३ रोजी. यातली कोलंबियाची पदवी खास अशासाठी की ते बाबासाहेबांचे स्वतःचे विद्यापीठ. ज्या शाळेच्या बाकावर बसलो त्याच शाळेने सदतीस-अडतीस वर्षांनी बोलावून सत्कार करावा, असा तो प्रकार!

तिथपर्यंतचा रस्ता मात्र आपल्या दारावरून जातो. दारावरून म्हणजे खरोखरच. डहाणूच्या मंडळींना बी.बी.सी.आय. हे जुने नाव आठवत असेल, तीच आजची पश्चिम रेल्वे. १९१३ च्या जानेवारीत भीमराव नुकतेच बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले होते. वय २१, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेले. त्या कॉलेजच्या शिक्षणालाही सयाजीराव महाराज गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची मदत होती, म्हणून बडोद्याची नोकरी. थोडे दिवस झाले नाहीत तोच वडील सुभेदार रामजी आजारी असल्याची तार आली. तरुण मुलगा गाडीत बसला. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी सुटून गेली! दुसरी गाडी मिळून मुंबईला पोचायला उशीर झाला. घोलवड, डहाणू रोड, वाणगाव ही आपली स्टेशने मागे टाकत ती दुसरी गाडी जात असताना त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना आपणच करावी. घरी पोचले तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. मुलाने शिकावे म्हणून कर्ज काढणारा, त्याला पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप गेला.

त्या वेळी आपल्या या पट्ट्यात शिक्षणाची काय अवस्था होती? बोर्डीचे हायस्कूलसुद्धा १९२० चे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या नेल्या त्याला तर अजून चाळीस वर्षे अवकाश होता. अशा काळात महार जातीतला एक मुलगा अमेरिकेला शिकायला निघतो, हे आपण आज सहज वाचून जातो.

सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जून १९१३ ला करार झाला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. घरी पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबियात दाखल झाले.

तिथे काय मिळाले? पहिली गोष्ट म्हणजे मोकळा श्वास. साताऱ्याच्या शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळे बसविले, पाणी वरून ओतून दिले, तो इथे सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवत होता. वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला, तो जन्मभराचा. दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षक. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, इतिहासाचे जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. त्या काळचे हे जगन्मान्य विद्वान. त्यातही ड्युई यांचा ठसा सर्वांत खोल उमटला. लोकशाही म्हणजे नुसती मतपेटी नव्हे, माणसांनी एकमेकांशी बरोबरीने राहण्याची ती रीत आहे, हा त्यांचा विचार पुढे बाबासाहेबांच्या लिखाणात ठिकठिकाणी दिसतो. तिसरी गोष्ट ग्रंथालय. सकाळी दार उघडण्याची वाट पाहत उभे राहायचे आणि बंद होईपर्यंत बसायचे, हा क्रम. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तके जमवली ती जवळजवळ दोन हजार!

१९१५ च्या जूनमध्ये एम.ए. झाली. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे, हे त्यात त्यांनी मांडले. वय अवघे २५. आपल्याकडे आजही मुलीने जातीबाहेर लग्न केले की घरात काय होते ते पाहा, म्हणजे निबंध किती जुना झाला ते कळेल. त्याच काळात पीएच.डी.चा प्रबंधही लिहून झाला.

आता वाचकांना वाटेल, प्रबंध झाला म्हणजे पदवी मिळालीच. तसे नव्हते. कोलंबियाचा त्या वेळचा नियम असा की प्रबंध मान्य झाला तरी तो पुस्तकरूपाने छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पीएच.डी. हाती पडायची नाही. छपाईला पैसा हवा. पैसा कुठला! १९१६ मध्ये ते पुढच्या शिक्षणाला लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले.

करारानुसार बडोद्याला हजर झाले. पुन्हा तीच रेल्वे, तीच आपली स्टेशने. कोलंबियाचा एम.ए. झालेला हा अधिकारी बडोद्याला उतरला, पण राहायला खोली कोणी देईना. शेवटी पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि बाहेर काढले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. बडोद्याच्या बागेतील झाडाखाली ते बसून राहिले आणि मुंबईला परतले. आपल्या डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्यांमुळे पारशी-इराणी मंडळींशी सगळ्यांचा रोजचा संबंध, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाहेर काढणारे पारशी होते हे खरे, पण १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले तेव्हा उसने पैसे देणारे नवल भथेनाही पारशीच होते.

मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून, काटकसर करून पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांचीही मदत झाली. लंडनच्या दुसऱ्या फेरीत एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. असे सगळे पुरे झाले. इकडे रमाईने काय सोसले ते वेगळे सांगायला नको. पोटची लेकरे गेली, तरी तिने तक्रार केली नाही.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र अजून बाकीच होती! १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ छापला. जुने गुरू सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. ग्रंथ अर्पण केला सयाजीराव महाराजांना. प्रती विद्यापीठात जमा झाल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएच.डी. अधिकृतपणे मिळाली. तारीख नीट बघा. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक सुरू. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. या सगळ्याच्या मधोमध तिकडे न्यूयॉर्कला त्यांच्या नावावर डॉक्टरेट चढत होती. तळ्याचे पाणी प्यायला गेल्याबद्दल आपल्या लोकांची डोकी फुटली त्याच वर्षी!

कोलंबियाशी नाते तुटले नाही. १९३० च्या डिसेंबरात, पहिल्या गोलमेज परिषदेच्या सुमारास, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात त्यांचे मनोगत आले. आयुष्यातले चांगले मित्र आपल्याला कोलंबियातच लाभले, आणि त्यांत सोबतचे विद्यार्थी व थोर शिक्षक दोन्ही आले, असा त्याचा भाव होता.

पुढची वीस वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. पुणे करार, येवल्याची घोषणा, मजूरमंत्रिपद, घटना समिती. मजूरमंत्री असताना त्यांनी आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून शिष्यवृत्त्या मंजूर करून घेतल्या आणि काहींना परदेशी धाडले, एवढे मात्र लक्षात असू द्यावे. स्वतः शिष्यवृत्तीवर गेलेला माणूस दुसऱ्याची अडचण जाणतो.

आता १९५२ साल. हे वर्ष कसे उजाडले? २७ सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. ते बिल बायकांच्या हक्कांचे. वारसा, घटस्फोट, एकपत्नीत्व. चार वर्षे त्यावर झिजले, आणि शेवटी ते बाजूला पडले. १९५२ च्या जानेवारीत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर मुंबईतून बाबासाहेब उभे. ज्या घटनेने प्रत्येकाला मत दिले तिचा शिल्पकारच त्या मतांनी पडला! काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे चौदा-पंधरा हजार मतांनी निवडून आले. त्यानंतर मुंबई राज्यातून बाबासाहेब राज्यसभेवर गेले. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय दुखायचे, डोळे अधू होत चाललेले. वय ६१. देशात अनेकांनी तेव्हा त्यांचे राजकारण संपले असे धरले होते.

अशा वेळी न्यूयॉर्कहून बोलावणे आले होते. जूनच्या आरंभी बाबासाहेब विमानाने निघाले. ३९ वर्षांपूर्वी जायला कित्येक दिवसांचा बोटीचा प्रवास होता. मनात एक मोठी ओढ होती, ती म्हणजे गुरुवर्य ड्युई यांची भेट. ड्युई तेव्हा ९२ वर्षांचे होते. पण १ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्येच ड्युईंचे निधन झाले. बाबासाहेबांचे विमान तेव्हा रोमपर्यंतच आले होते. पत्नी माईसाहेबांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी हे दुःख कळविले आहे. आपले सारे बौद्धिक जीवन आपण ड्युईंचे देणे लागतो, असे त्यात त्यांनी म्हटले. १९१३ मध्ये वडिलांना भेटायला जाताना गाडी चुकली होती. १९५२ मध्ये गुरूला भेटायला जाताना विमान वेळेवर होते, तरी भेट चुकली.

५ जूनला पदवीदान झाले. कोलंबियाच्या अध्यक्षपदावर त्या वेळी नाव होते जनरल आयझेनहॉवर यांचे, पण ते रजेवर होते आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले होते. समारंभात हजारो विद्यार्थ्यांना नेहमीच्या पदव्या आणि निवडक थोरांना मानाच्या पदव्या, अशी तिथली पद्धत. बाबासाहेबांना ‘डॉक्टर ऑफ लॉज’ म्हणजे एलएल.डी. देण्यात आली. मानपत्रात त्यांच्या घटनेच्या कामाचा, समाजसुधारणेचा आणि मानवी हक्कांसाठी निर्भयपणे उभे राहण्याचा गौरव केलेला होता. या शेवटच्या शब्दाकडे बघा. मुंबईच्या मतदारांनी त्यांच्यात एक पराभूत उमेदवार पाहिला. कोलंबियाने मानवी हक्कांचा कैवारी पाहिला. कायद्याची ही मानाची पदवी त्यांना मिळाली तेव्हा हिंदू कोड बिल धूळ खात होते. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये त्याचेच तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले, हे आपल्या भगिनींना आवर्जून सांगावेसे वाटते.

सात महिन्यांनी, १२ जानेवारी १९५३ ला, उस्मानियाने डी.लिट. दिली. उस्मानिया हे निजामाने १९१८ मध्ये काढलेले, उर्दूतून शिकविणारे विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध होते. मराठवाड्यात, औरंगाबादला, बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज काढले होते, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कोणाला राग आला तरी चालेल. जयंतीच्या बॅनरवर आणि हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांवर लिहिलेले असते की कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना जगातला पहिल्या क्रमांकाचा विद्वान ठरविले. कुठे बत्तीस पदव्या लिहितात, कुठे त्याहून जास्त. खरे असे की २००४ मध्ये कोलंबियाला २५० वर्षे झाली तेव्हा विद्यापीठाने आपल्या काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांची व शिक्षकांची एक यादी केली. त्या यादीत बाबासाहेबांचे नाव सन्मानाने आहे. क्रमांक मात्र कोणालाही लावलेले नाहीत. आणि पदव्या? मुंबईची बी.ए., कोलंबियाच्या एम.ए. आणि पीएच.डी., लंडनच्या एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, आणि मानाच्या दोन. एवढ्या पदव्यांनी कोणाचे पोट भरत नसेल तर त्याला काय म्हणावे! आपली मुले शाळेत, वक्तृत्व स्पर्धेत उभी राहून हे फुगवलेले आकडे सांगतात आणि परीक्षक गालात हसतात. मग मुलाचे खरे बोलणेही खोटे ठरते. ज्या पुरुषाने एका पदवीसाठी दहा वर्षे वाट पाहिली, त्याच्या पदव्या वाढवून सांगायची गरजच नाही. तथागतांनीही तपासून घ्यायला शिकविले आहे.

न्यूयॉर्कहून परतल्यावर बाबासाहेबांना जेमतेम साडेचार वर्षे मिळाली. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हार झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्यामागे १९५७ मध्ये निघाला. तोवर आपल्या भागातले अनेक जण दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडून आले होते.

विद्यापीठाच्या मानाची गोष्ट इथेच संपत नाही. परदेशी विद्यापीठाने १९५२ मध्ये विनासायास दिलेला मान इथे मागायला गेलो तर काय झाले? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांचा जीव गेला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या फाटकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले. सोळा वर्षे! १९९० मध्ये भारतरत्न मिळाले तेव्हाही हा प्रश्न लोंबकळतच होता.

कोलंबियात आज लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. ज्याला ग्रंथालयातून बाहेर काढायला रोज रात्री दार लावावे लागे, त्याला कायमची जागा ग्रंथालयातच मिळाली. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींना आता परदेशी विद्यापीठांत जाता येते. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे करावा लागतो. डहाणू-तलासरीच्या ज्या घरात मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल त्यांनी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र आताच काढून ठेवावे. आयत्या वेळी धावपळ होते.